निरोगी माणसांची यादी

सातवीच्या वर्गात हजेरी घ्यायचं काम मी तिला दिलं, ते ती हुशार होती म्हणून नव्हे. ती गप्प बसत नसे, आणि नावं मोठ्याने वाचत असताना तरी माणसाला दुसरं काही बोलता येत नाही, असा माझा अंदाज होता. तो चुकला. आठ दिवसांत तिने वहीच्या शेवटच्या पानावर वर्गातले सगळे बाक चौकोनांनी काढले आणि जो येणार नाही त्याच्या चौकोनात तारीख घालायला लागली. त्या साली गालगुंडांची साथ होती. एका सोमवारी ती माझ्या टेबलाशी आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “बाई, बुधवारी नाहीतर गुरुवारी खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरच्या दोघी येणार नाहीत.”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. त्यांच्या पुढच्या बाकावरची आजारी पडून घरी बसली, त्याला सतरा दिवस होतील.”

गुरुवारी त्या दोघी आल्या नाहीत. मुख्याध्यापक म्हणाले, या पोरीची नजर चांगली नाही, हिच्याकडची वही काढून घ्या. मी घेतली नाही. पुढच्या महिन्यात तिने स्वतःच्या नावापुढे आदल्या दिवशीच ‘गैरहजर’ लिहून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच दोन्ही गाल फुगवून घरी बसली. तेव्हापासून तिचं नाव हजेरी पडलं. आज ती पंचेचाळिशीला आली, कानाजवळचे केस पिकले, नावापुढे दोन ओळींच्या पदव्या लागल्या, तरी तिची आई, तिचा भाऊ, आमच्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायला येणारा माणूस, सगळे तिला हजेरीच म्हणतात.

ती आणि तिची आई तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी तळमजल्यावर. लग्न राहून गेलं. कुणी विचारलंच तर ती सांगते, “तीनच मुलं बघितली हो. तिघांवरून काही अनुमान काढता येत नाही.”

साथींच्या आजारांवर ती संशोधन करते. असं म्हटलं की लोकांना वाटतं पांढरा कोट, काचेच्या नळ्या, दुर्बिणीसारखं काहीतरी. तिच्याकडे एक जाड कापडाची पिशवी आहे, एक पुठ्ठ्याची पाटी आहे आणि पायात दर सहा महिन्यांनी झिजणारे बूट. जिथे एकदम पुष्कळ माणसं आजारी पडतात तिथे जायचं आणि दारोदार विचारत बसायचं, काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलं, कुठे गेला होता, कधीपासून बरं नाही. तिची आई म्हणते, “हिला सुई टोचता येत नाही, गोळी देता येत नाही. नुसत्या चौकशा. त्यापेक्षा शिरगणतीवाली बरी, ती दहा वर्षांतून एकदाच येते.”

या कामातली एक गोष्ट मला बरेच दिवस कळत नव्हती. ती आजारी माणसांपेक्षा धडधाकट माणसांकडेच जास्त जायची. मी विचारलं तेव्हा तिने माझ्याच शिकवण्याच्या पद्धतीने मला समजावलं. समजा, दहा आजाऱ्यांपैकी नऊ जण म्हणाले की आम्ही दूध पितो. मग दूध वाईट का? नाही. शेजारच्या दहा न आजारी पडलेल्यांना विचारा, तेही नऊ जण दूधच पीत असतील. फरक कुठे आहे ते बघायचं. म्हणून एका आजारी माणसामागे दोन निरोगी माणसं शोधायची, साधारण त्याच वयाची, त्याच वस्तीतली. ती आपल्या मर्जीने निवडायची नाहीत. आजाऱ्याच्या दारातून बाहेर पडायचं, उजवीकडे वळायचं, चौथं दार ठोठावायचं. तिथे तसं कुणी नसेल तर पाचवं. ऑफिसात त्यांना ‘कंट्रोल’ म्हणतात. ती घरी बोलताना ‘माझे निरोगी’ म्हणते.

प्रश्नांचा कागद ती मला दाखवते. कितीतरी वर्षं हे चालत आलं आहे. ती म्हणते, “बाई, तुम्ही परीक्षा काढल्यात. असा प्रश्न करून द्या, की पोराला उत्तर प्रश्नातच दिसणार नाही.” ‘तुम्ही पाणी उकळून पिता का’ असं विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात, अगदी घरी भांडं नसलेलेही. मग आम्ही ते दोन प्रश्नांत फोडलं. काल प्यायचं पाणी कुठून भरलं? पिण्याआधी त्याचं काय केलं? बेचाळीस प्रश्नांच्या त्या कागदात माझ्या हातचे सात-आठ तरी आहेत, हे मला सांगितलं पाहिजे.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते, पण त्याआधी बर्फाची सांगायला हवी. त्याच्या दोन वर्षं आधी एका वस्तीत जुलाबांची साथ आली. हजेरीने नकाशावर ठिपके मांडले, ते एका विहिरीभोवती जमले, आणि तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं की विहिरीचं पाणी पिऊ नका. विहिरीला कुलूप लागलं. आठ दिवस लोक डोक्यावरून पाणी वाहत होते, आणि आजारी पडतच होते. दोष विहिरीचा नव्हता. विहिरीशेजारी एक बर्फवाला बसायचा. त्या आठ दिवसांत विहीर बंद म्हणून त्याचा बर्फ दुप्पट खपला. एक म्हातारे गृहस्थ त्यात गेले. पाणीखात्याच्या इंजिनिअरने भर बैठकीत विचारलं, “मॅडम, यापुढे आकडे आणणार आहात, की पुन्हा ठिपकेच?” कुणीतरी हसलं. ती घरी आली आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून अर्धा तास नुसती मेथीच्या काड्या मोडत होती. भाजी केव्हाच निवडून झाली होती.

तेव्हापासून तिने स्वतःला एक नियम घालून घेतला. आकडे हातात येईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

गेल्या वर्षी बसडेपोच्या मागच्या तीन गल्ल्यांत कावीळ सुरू झाली. साधी दिसणारी, ताप, मळमळ, डोळे पिवळे. बहुतेक माणसं पंधरा-वीस दिवस अंथरुणात काढून उठत होती. पण ही एक विशिष्ट जातीची कावीळ असते. ती इतरांना लोळवते आणि सोडते, पोटुशी बाई मिळाली तर मात्र सहजासहजी सोडत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत तर फारच वाईट. पहिल्या तिसांत अशी कुणी नव्हती. हजेरी रोज सकाळी इस्पितळाची यादी आली की आधी तेच बघायची.

गल्ल्यांत दोन महिन्यांपूर्वी केबल टाकायला रस्ता खणला होता. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि गटाराचा नळ तिथे हातभर अंतरावरून जातात. ठिपके पाहिल्याबरोबर तिच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. तिने तिच्या साहेबांना सांगितलं. साहेब वाईट माणूस नाही, तिच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायला स्वतः आला होता. तो म्हणाला, “मलाही तेच वाटतंय. पण मुख्य नळ बंद करायचा तर अकरा हजार माणसांचं पाणी तोडावं लागेल. नुसत्या वाटण्यावर पाणीखातं मला दारात उभं करणार नाही. तीस आजारी, साठ निरोगी, पाच दिवस. तेवढे मला दे. आणि तोवर वस्तीत पाण्याबद्दल चकार शब्द नको. एकदा कुजबूज झाली की सगळे ‘आम्ही उकळूनच पितो’ म्हणायला लागतील आणि तुझे साठच्या साठ निरोगी वाया जातील.”

एरवी मुलाखत संपली की त्या घरात एक छापील पत्रक देतात, हात धुवा, पाणी उकळा, असलं. त्या पाच दिवसांपुरते त्याचे गठ्ठेसुद्धा जीपमध्येच ठेवायचे ठरले. ड्रायव्हरमामा म्हणाले, “बरं झालं. नाहीतरी लोक त्यावर फोडणीचे डबे ठेवतात.”

तिसऱ्या दिवशी, निरोगी माणूस नंबर एकतीस. बेकरीत कामाला असलेली एक पंचविशीची बाई आजारी होती. तिच्या दारातून उजवीकडे चौथं दार, दुसरा मजला. दार एका तेवढ्याच वयाच्या मुलीने उघडलं. मांडीवर पाकिटांचा ढीग घेऊन ती त्यांना चेन शिवत बसली होती, आणि दोऱ्याचं टोक दातात धरूनच ती दारात आली. पोट पुढे आलेलं. सातवा सरत होता.

यापुढचं मी हजेरीने मला सांगितलं तसंच लिहिते. तिने ते इतक्यांदा सांगितलं की तिच्या शब्दांत मला पाठ झालं आहे.

“ताई, विकत काही घ्यायचं नाही आम्हाला,” ती मुलगी म्हणाली.

“विकत नाही, फुकट आहे. प्रश्न विचारायचेत. अर्धा तास. तुमचं एकतिसावं घर.”

“माझ्या सासूबाई पण तेच म्हणतात आणि दोन तास लावतात. या.”

सासूबाई घरात नव्हत्या, रेशनच्या रांगेत होत्या. हजेरीने पाटी मांडीवर घेतली. पहिला प्रश्न, घरात माणसं किती?

“साडेतीन.”

“अर्धं लिहायला जागा नाही.”

“मग तीन लिहा. अर्ध्याचं दोन महिन्यांनी येऊन लिहा.”

काल दिवसभरात काय काय खाल्लं, हा नववा.

“खरं सांगू, की सासूबाईंना सांगते ते सांगू?”

“खरं.”

“काकड्या. मीठ लावून. चार. जिन्यात बसून, एकटीने.”

हजेरी हसली. ती प्रश्न विचारताना हसत नाही, हसलं की समोरचा माणूस आपल्याला आवडेल असं उत्तर द्यायला लागतो म्हणते. पण त्या दिवशी हसली. मग पाण्याचे प्रश्न आले. पाणी नळाचं, सासूबाई पहाटे भरतात, हंडा आणि दोन बादल्या. पिण्याआधी त्याचं काय करता?

“त्याचं काय करायचं? ओळख करून घ्यायची?” ती मुलगी म्हणाली. “पितो.”

हजेरीने लिहिलं, ‘काही नाही.’

बेचाळीस संपले. मुलगी उठली, भिंतीचा आधार घेत आत गेली आणि पेल्यात पाणी घेऊन आली. फिरतीवर कुठल्याही घरचं पाणी प्यायचं नाही हा त्यांच्या ऑफिसचा जुना दंडक आहे. हजेरी म्हणाली, “नको, आत्ताच प्यायले.”

“कुठे? एकतिसाव्या घरी आलात म्हणता, तीस पेले प्यायलात?”

“खालीच.”

“आमचं कडू नाही हो,” ती मुलगी म्हणाली, आणि तो पेला वाया जायला नको म्हणून तिने तिथेच उभ्या उभ्या स्वतः पिऊन टाकला.

हजेरी जिन्यात आली. दोन पायऱ्या उतरली आणि तिथूनच तिने साहेबांना फोन लावला. म्हणाली, “एकतीस नंबर गरोदर आहे, सातवा संपत आलाय. तिला एकटीला सांगू का? बाहेर बोलू नको म्हणून बजावते.”

साहेब म्हणाले, “एकीला सांगितलं की जिन्याला सांगितलं. अजून अर्धे निरोगी बाकी आहेत, सगळे त्याच जिन्यांत. आकडे बिघडले तर नळ आणखी पंधरा दिवस चालू राहील. त्या पंधरा दिवसांत अशा किती असतील ते तूच मला सांग.” आणि मग, अगदी हळू, “आणि आपण पुन्हा चुकत असलो तर? बर्फ विसरलीस?”

ती विसरली नव्हती. ती बत्तीस नंबरच्या दाराशी गेली.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि हे सगळं सांगून म्हणाली, “बाई, तुम्ही काय केलं असतं?” मी म्हटलं, “तुझ्या साहेबांचं बरोबर असेल. ते या कामात मुरलेले आहेत.” माझं हे वाक्य मी पुष्कळदा मनात परत म्हणून बघितलं आहे. त्यात काही चूक सापडत नाही, आणि ते मला आवडतही नाही.

पाचव्या दिवशी साठ पुरे झाले. रात्रभर बेरीज करायची गरजच पडली नाही, फरक ढळढळीत होता. आजाऱ्यांपैकी जवळजवळ सगळे त्या एका नळाचं पाणी तसंच पिणारे, निरोग्यांपैकी निम्मेही नाहीत. त्याच दुपारी नळ बंद झाला, टँकर आले, जीपमधले पत्रकांचे गठ्ठे सुटले, भोंगा लावून गाडी फिरली. इंजिनिअरने या वेळी काही विचारलं नाही. खणून बघितलं तेव्हा नळाला बोटभर चीर निघाली. हजेरीच्या आईने आयुष्यात पहिल्यांदा शेजारणीला सांगितलं, “माझ्या मुलीने शोधून काढलं.”

नळ बंद झाला म्हणजे कावीळ थांबली असं नसतं. पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत कधी पंधरा दिवस जातात, कधी साठ, बहुतेकांचा महिना-सव्वा महिना. म्हणून नळ दुरुस्त झाला तरी यादी रोज येत राहते. ज्यांनी आधीच पाणी प्यायलेलं असतं, त्यांची. हजेरीला हे माहीत होतं. ती रोज सकाळी यादी उघडायची, आणि पत्त्यांवरून बोट फिरवत जायची.

मुलाखतीनंतर एकविसाव्या दिवशी यादीत तो पत्ता आला. दुसरा मजला, चौथं दार.

निरोगी म्हणून घेतलेला माणूस आजारी पडला तर काय करायचं, याचा त्यांच्याकडे ठरलेला रिवाज आहे. निरोग्यांच्या यादीतली त्याची ओळ लाल शाईने खोडायची आणि आजाऱ्यांच्या यादीत शेवटी लिहायची. शेजारी तारीख आणि सही. हजेरीने ती ओळ खोडली. पट्टी लावून खोडली, तिला वाकडी रेघ चालत नाही.

मग ती इस्पितळात गेली. तिथे तिला काही काम नव्हतं. औषध तिच्या हातात नाही, तिथल्या डॉक्टरांच्या हातातही फारसं नव्हतं. या आजारावर लागू पडेल असं औषधच नाही, जपायचं आणि वाट बघायची. ती बाहेरच्या बाकावर बसली. काचेतून पलंगाचा पायथा तेवढा दिसत होता. मुलीचा नवरा क्रेन चालवतो, तो कामाच्या कपड्यांतच भिंतीला टेकून उभा होता. त्याने हिला विचारलं, “तुमचं पण कुणी आत आहे का?”

“हो,” हजेरी म्हणाली.

पाच दिवस ती रोज गेली. तिसऱ्या दिवशी मुलगी झाली, वेळेच्या आधी, दोन किलोच्याही आत. पाचव्या दिवशी संध्याकाळी आई गेली.

हजेरी त्यानंतर आठवडाभर ऑफिसात जात होती, येत होती, जेवत होती. तिच्या आईला काही वेगळं वाटलं नाही. एका रविवारी ती खाली आली, माझ्या कॅलेंडरचं जुनं पान मागितलं आणि त्याच्या पाठीवर एक रेघ ओढली.

“हे बघा बाई. ती आजारी पडली तो हा दिवस. यामागे पंधरा दिवस ते साठ दिवस, यात कधीतरी तिच्या पोटात ते गेलं. मी गेले तो हा दिवस. नळ बंद झाला...” तिने आणखी एक खूण केली. “मी गेले तो तिसरा दिवस होता, बंद झाला पाचव्या. म्हणजे दोन दिवस. माझ्या भेटीच्या आधीचे एकोणचाळीस दिवस आणि भेटीनंतरचे दोन. एकेचाळीस दिवसांतले दोन माझे.”

“म्हणजे आधीच लागण झालेली असणार,” मी म्हटलं.

“साहेब पण तेच म्हणतात. बहुतेक आधीच. शंभरात पंच्याण्णव वेळा आधीच.” तिने पेन्सिल खाली ठेवली. “शंभर बायका असत्या तर मी सांगितलं असतं, बाई. शंभरांचं मला येतं. ही एकच होती. एकीचं कुणालाच सांगता येत नाही. आणि तो पेला त्या दोन दिवसांतला होता. मी समोर उभी होते.”

मी तिला शिकवलं तेव्हा शेकडेवारी मीच शिकवली होती. मी ते पान घडी घालून ठेवलं, अजून ठेवलेलं आहे.

एक काम उरलं होतं. आजाऱ्यांच्या यादीत आलेल्या प्रत्येकाचा फॉर्म नव्याने भरावा लागतो. माणूस गेला असेल तर घरच्यांना विचारून, तेच बेचाळीस. साहेब म्हणाले, “दुसऱ्या कुणाला पाठवतो.” ती म्हणाली, “माझी ओळ आहे.” ड्रायव्हरमामा गल्लीशी गाडी थांबवून म्हणाले, “मॅडम, मी वर येऊ का?” ती नको म्हणाली.

दार सासूने उघडलं. साठीची, बारीक बांध्याची, हाताला सतत काहीतरी काम लागणारी बाई. घरात इस्त्रीचा आणि दुधाचा वास होता. कोपऱ्यात टोपलीत बाळ झोपलेलं. पाकिटांचा ढीग एका चादरीखाली झाकून ठेवला होता, चेन लावायच्या राहिलेल्या. आत शेगडीवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं.

हजेरीने आपण कोण ते सांगितलं. का आलो तेही सांगितलं.

सासू म्हणाली, “तूच ना ती, प्रश्नवाली? मी रेशनला गेले होते तेव्हाची?”

“हो.”

“तिला विचारलंस ना हेच सगळं?”

“हो.”

“मग मला कशाला विचारतेस? तिचं लिहिलेलं असेल तुझ्याकडे. ते वाच.”

दिलेली उत्तरं दुसऱ्या कुणाला वाचून दाखवायची नाहीत, हाही एक नियम आहे, आणि तो चांगला नियम आहे. जुना फॉर्म पाटीच्या खालीच होता. हजेरीने तो वर काढला आणि वाचायला लागली. उठलात किती वाजता, सातला. काम काय, पाकिटांना चेन, दिवसाला साठ. अंग दुखतं का, कंबर, पण ते त्याचंच आहे, आजार नाही. सासू एका हाताने टोपली हलवत ऐकत होती. इस्पितळातल्या कागदांवर तिच्या सुनेचं रक्त होतं, लघवी होती, वजन होतं. तिचा एक साधा दिवस या एकाच कागदावर होता.

“काल काय खाल्लं. काकड्या, चार. मीठ लावून.”

“चार?” सासू म्हणाली. “मला दोन म्हणाली होती.” आणि तिच्या तोंडावर हसू आलं, आलं तसं तिथेच राहिलं, त्याचं पुढे काय करायचं हे तिला कळेना.

हजेरी पुढे वाचत गेली. पाणी कुठलं. कोण भरतं. किती वाजता. कशात साठवता. झाकण असतं का. काढायला ओगराळं की पेला. पिण्याआधी काय करता. घरातले सगळे तेच पितात का. सासू टोपली हलवायची थांबली.

“पाण्याचे किती आहेत गं?”

“अकरा.”

“बेचाळिसातले अकरा.” ती थोडा वेळ शेगडीकडे बघत राहिली. “म्हणजे तुला ठाऊक होतं.”

“संशय होता. खात्री नव्हती.”

हजेरी तिला बर्फाचं सांगू शकली असती. साठ निरोग्यांचं, अकरा हजार माणसांच्या नळाचं, शंभरात पंच्याण्णवचं. सगळं खरं होतं. तिने त्यातलं काहीच सांगितलं नाही.

“मला सांगायचंस ना,” सासू म्हणाली. आवाज चढला नव्हता. “संशय तर संशय. मी उकळलं असतं. मला काय काम असतं दिवसभर?”

बाळ कुरकुरलं. सासूने टोपली पुन्हा हलवायला घेतली. मग आठवल्यासारखं म्हणाली, “रात्री जेवताना तुझं सांगत होती. म्हणाली, चौकशीवाली आली होती, चांगली होती, हसली, पण पाणी नाही प्यायली. मी म्हटलं, असेल घाईत.”

ती उठून आत गेली. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, एकदा या पेल्यातून त्या पेल्यात, पुन्हा उलटं, गार करायला. ती बाहेर आली आणि तिने पेला हजेरीच्या समोर धरला.

“उकळलेलं आहे,” ती म्हणाली.

पाणी अजून कोमट होतं. हजेरीने ते सगळं प्यायलं. पेला खाली ठेवला, जुना फॉर्म पाटीखाली सारला आणि नवा कोरा वर घेतला, कारण तो भरायचा राहिलाच होता.

“घरात माणसं किती?” तिने विचारलं.

सासूने टोपलीकडे पाहिलं. “मी, मुलगा,” ती म्हणाली, “आणि ही. तीन.”

हजेरीने तीन लिहिलं. जुन्या कागदावरही तीनच होतं.